पाण्याआधीची वाळू

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात ला होया नावाचा भाग आहे. तिथली अव्हेनिदा दे ला प्लाया ही गल्ली दुकानांसमोरून उतरत उतरत थेट पुळणीवर जाऊन संपते. धक्का नाही, जेटी नाही. डांबर संपलं की वाळू, वाळू संपली की पॅसिफिक महासागर. उजाडायच्या आत इथे गाड्या येऊन लागतात, टपावरून आणि मागच्या हौद्यातून प्लास्टिकच्या लांबट होड्या उतरवल्या जातात आणि डोक्याला बॅटरी बांधलेली माणसं त्या अंधारात पाण्याकडे ओढत नेतात. ही सगळी गरवायला निघालेली माणसं. यलोटेल, हॅलिबट, व्हाइट सीबास अशा माशांसाठी ती येतात. होडी म्हणजे कयाक, आणि कयाकमध्ये बहुतेक वेळा एकच माणूस.

जागा उगाच गाजलेली नाही. समुद्राच्या तळाशी असलेली ला होयाची खोल घळ इथे किनाऱ्याच्या अगदी जवळ येते. त्यामुळे या कोपऱ्यात लाटांचा जोर आसपासच्या किनाऱ्यांपेक्षा कमी असतो, आणि थोडं वल्हवलं की खोल पाणी लागतं. केल्प या समुद्री शेवाळाचं जंगलही फारसं लांब नाही. २०१२ मध्ये किनाऱ्यालगतचा पट्टा माटलाहुआयल या नावाने राखीव झाला. तिथे मासेमारी पूर्ण बंद आहे. गळ पाण्याबाहेर ठेवून तो पट्टा ओलांडायचा आणि मगच दोरी सोडायची.

समुद्रावरच्या या सगळ्या गोष्टींबद्दल भरपूर बोललं जातं. कोणती गरी, कोणतं आमिष, कोणता वारा. पण कयाकवाल्याची पहिली कसोटी लागते ती गाडी आणि पाणी यांच्या मधल्या वाळूत. तीच वाळू परतीच्या वेळी, अंग थकलेलं असताना, चढावर पुन्हा पार करायची असते. माणसाचं समुद्रावर जाणं कधी थांबतं, हे पुष्कळदा या पट्ट्यावर ठरतं. हात वल्हवू शकतात, डोळे ठीक असतात, पण कंबर होडी उचलू देत नाही आणि मग होडी गॅरेजमध्ये पडून राहते. या लेखाचा विषय आहे तो पट्टा आणि तो पार करण्यासाठी कयाकलाच कायमची बसवली जाणारी दोन चाकं.

मुळात कयाकला चाकाची गरज पडावी, हीच तिच्या इतिहासातली उलटी चाल आहे. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट, युपिक आणि अल्युत लोकांनी कयाक घडवली ती वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून. शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने होडी बांधायची, आणि ती एकट्याला उचलता आलीच पाहिजे, कारण बर्फावरून पाण्यापर्यंत नेणारा दुसरा कोणी नसे. वजन कमी ठेवणं हा तिथे जगण्याचा भाग होता.

१९७० च्या दशकात दोन गोष्टी बदलल्या. कॅलिफोर्नियातल्याच मालिबूच्या किनाऱ्यावर टिम नीमियर या तरुणाने आत शिरायची नव्हे तर वर बसायची कयाक बनवली. पुढे त्याने ओशन कयाक ही कंपनी काढली. त्याच दशकात तापत्या, फिरत्या साच्यात पॉलिथिलीनची भुकटी वितळवून अखंड होडी काढण्याची पद्धत रुळली. पाण्याच्या टाक्या आपल्याकडे याच पद्धतीने बनतात. होडी स्वस्त झाली, खडकावर आपटली तरी टिकू लागली, आणि जड झाली. मग गरवणाऱ्यांनी तिला आपलंसं केलं. उभं राहून गळ टाकता यावा म्हणून ती रुंद झाली. होबी कंपनीने १९९७ मध्ये मिराजड्राइव्ह आणलं. पायांनी पॅडल मारायचं, खाली पेंग्विनच्या परांसारखे दोन पंख हलतात, आणि हात गळासाठी मोकळे राहतात. गरवणाऱ्याला याहून मोठी देणगी नव्हती. २००९ मध्ये याच कंपनीची प्रो अँगलर आली. तिचं १४ फुटी मॉडेल जवळजवळ ४.२ मीटर लांब आणि मीटरभर रुंद आहे, आणि खुर्ची, पॅडल, सुकाणू असा सगळा सरंजाम धरून त्याचं वजन सुमारे ६५ किलो भरतं. त्यावर मासे शोधणारं यंत्र, त्याची बॅटरी, बर्फाची पेटी, गळ, नांगर. ८५ किलोचा ऐवज सहज होतो. जी वस्तू एका माणसाने खांद्यावर न्यायची म्हणून जन्मली, ती आता दोघांनाही सहज उचलवत नाही.

ओढत न्यावी, तर दुसरं दुखणं. पुढचं टोक उचलून ओढलं की सगळा भार मागच्या टोकाच्या तळावर येतो. वाळू आणि काँक्रीट तिथलं प्लास्टिक खरवडत राहतात. अनेक जुन्या कयाकना भोक पडतं ते नेमकं सुकाणूच्या पुढ्यात, तळाच्या कण्यावर. ते वितळलेल्या त्याच जातीच्या प्लास्टिकने सांधता येतं, पण ती डागडुजी सवय नसलेल्याने करू नये.

यावरचा पहिला उपाय म्हणजे सुटी गाडी. दोन चाकं, मध्ये आस, वर होडी ठेवायला बूड. घरच्या घरी पीव्हीसी पाइपची अशी गाडी करणारे पुष्कळ आहेत. उन्हात काही हंगाम काढल्यावर ते पाइप ठिसूळ होतात, हे लक्षात ठेवून ती वापरली तर तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. बाजारात न्यूझीलंडच्या रेलब्लेझा कंपनीची सी-टग आहे. तिचे भाग हाताने सुटे होतात आणि कयाकच्या पोटात मावतात. काही गाड्यांचे खांब कयाकच्या स्कपरमध्ये, म्हणजे डेकवरचं पाणी निचरून जाण्यासाठी ठेवलेल्या आरपार भोकांमध्ये, खालून घुसतात. ही रचना फार सोयीची, पण भोकांच्या कडांवर नको तितका ताण टाकणारी. ज्या होडीत ती भोकं या कामासाठी जाड केलेली नसतात, तिथे भरल्या होडीचा भार खांबांवर टाकला की कडेला बारीक तडे जातात. तडा डोळ्याला दिसत नाही, पाणी मात्र तो शोधून काढतं.

सुट्या गाडीची खरी अडचण वेगळी आहे. होडी पाण्यात गेल्यावर गाडीचं करायचं काय? किनाऱ्यावर सोडली तर भरती तिला नेते, किंवा माणूस नेतो. बरोबर घेतली तर गळाच्या जागेत ती अडगळ. आणि लाटा फुटत असताना, गुडघाभर पाण्यात, एका हाताने होडी धरून दुसऱ्या हाताने गाडी सोडवायची आणि बांधायची, हे एकट्या माणसाचं काम नाही. म्हणून जोडलेली चाकं आली. विमानाचं चाक पोटात जातं तसा हा प्रकार. मागच्या टोकाच्या दोन्ही अंगांना दोन पाय बोल्टने कायमचे बसवलेले, त्यांच्या टोकाला चाकं. पाण्यात शिरलं की खीळ ओढायची, पाय वर फिरवायचा, खीळ परत घालायची. अमेरिकेत बूनडॉक्स कंपनीचा असा लँडिंग गिअर बराच वापरला जातो. फीलफ्री कंपनी तर होडीच्या तळालाच, मागच्या टोकाशी, एक छोटं चाक बसवून देते. सिमेंटच्या उतारावर ते चाक उत्तम आहे. मऊ वाळूत त्याचा आधार फारसा राहत नाही.

इथे तरफेचं शाळेतलं गणित कामाला येतं, आणि ते करून पाहिल्याशिवाय कोणी भोकं पाडू नयेत. चाकं अगदी मागच्या टोकाला असली आणि वजनाचा मध्य होडीच्या मध्यावर असला, तर ८५ किलोपैकी निम्मे, म्हणजे साडेबेचाळीस किलो, ओढणाऱ्याच्या हातात येतात. चाकं मीटरभर पुढे घेतली की हातातला भार २९ किलोवर उतरतो. सुटी गाडी वजनाच्या मध्याच्या वीतभर मागे ठेवली तर हातात उरतात सात-आठ किलो. म्हणजे सोय आणि हलकेपणा यांची इथे ओढाताण आहे. जोडलेली चाकं मागे ठेवावी लागतात, कारण पुढे माणूस बसतो, वल्हं फिरतं, पॅडल चालतं. सुटी गाडी मध्यावर जाते म्हणून ती हलकी लागते. जोडलेली चाकं घेणाऱ्याने निदान जड सामान तरी ओढताना मागे ठेवावं. बॅटरी आणि बर्फाची पेटी चाकांच्या वर आली की वजनाचा मध्य मागे सरकतो आणि हातातला भार हलका होतो. पाण्यात गेल्यावर ते पुन्हा पुढे घेता येतं.

दुसरा प्रश्न वाळूचा. चाक कितीही मोठं असो, ते रुततं की नाही हे त्याच्या हवेच्या दाबावर ठरतं. मऊ टायर जमिनीवर साधारण तेवढाच दाब टाकतो जेवढा त्याच्या आत असतो. व्हीलीझसारख्या फुगीर पॉलियुरेथेनच्या चाकांत जेमतेम दोन ते चार पीएसआय हवा भरतात. सायकलच्या टायरमध्ये याच्या दहापट आणि त्याहूनही अधिक असते. तीन पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० ग्रॅम. चालणाऱ्या माणसाचं पाऊल याच्या जवळजवळ दुप्पट दाब टाकतं. म्हणजे अशा चाकावरची होडी वाळूत रुतते त्याहून अधिक ती ओढणारा माणूस रुततो. कडक, अरुंद चाकं लावून पुळणीवर गेलेल्यांना होडी नांगरासारखी ओढावी लागते, आणि मग ते चाकांनाच दोष देतात. दोष चाकाचा नसतो, ते ज्या जमिनीसाठी केलेलं असतं तिच्यावर ते नसतं इतकंच.

वाळूही सगळी एक नसते. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू पायाखालून निसटते, ओहोटीने नुकती उघडी पडलेली ओलसर वाळू घट्ट असते. कणांमधलं थोडं पाणी त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतं. इजिप्तमध्ये देर एल-बर्शा इथे जेहुतीहोतेप या अधिकाऱ्याचं सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचं थडगं आहे. त्यातल्या चित्रात माणसांच्या रांगा घसरगाडीवरचा प्रचंड पुतळा ओढताहेत आणि घसरगाडीच्या तोंडाशी उभा असलेला एक जण वाळूवर पाणी ओततो आहे. बरीच वर्षं तो धार्मिक विधी समजला गेला. २०१४ मध्ये अॅम्स्टरडॅम विद्यापीठात डॅनियल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं की वाळू योग्य प्रमाणात ओली असली तर घसरगाडी ओढायला जवळपास निम्मा जोर पुरतो. गरवायला जाणाऱ्याला यातून एवढंच घ्यायचं आहे की गाडीपासून सरळ पाण्याकडे जाण्यापेक्षा कोरडी वाळू जिथे सर्वांत अरुंद असेल तिथून उतरावं, आणि पुढचं अंतर ओलसर पट्ट्यावरून काटावं. वाट थोडी लांब झाली तरी अंगाला ती जवळची.

आता भोकांकडे. कयाकला भोक पाडणं हे धाडसाचं काम वाटतं आणि वाटायलाच हवं. पॉलिथिलीनला जवळपास कोणताही गोंद धरत नाही, त्यामुळे चाकांचे पाय चिकटवून भागत नाही, बोल्टच लागतो. आणि पॉलिथिलीन मऊ आहे. बोल्ट त्याला धरून राहत नाही, तो दोन बाजूंच्या चकत्यांमध्ये प्लास्टिक दाबून धरतो. म्हणून आतून रुंद वॉशर, किंवा त्याहून चांगलं म्हणजे अॅल्युमिनियमची अथवा जाड प्लास्टिकची पट्टी, हवीच. होडी स्थिर उभी असताना बोल्टवर येणारा भार हा खरा भार नव्हे. चाक फुटपाथच्या कडेवरून खाली आदळतं, दगडात अडकून होडी आडवी वळते, तेव्हा क्षणभर त्याच्या कितीतरी पट ताण येतो, तोही पिळवटणारा. पट्टी नसली तर असा एखादा झटका भोक लांबट करून जातो.

जागा ठरवण्याची पद्धत सोपी आहे आणि ती टाळू नये. होडी पूर्ण सामानासह, स्वतः बसून, शांत पाण्यात न्यावी. पाण्याची रेषा मागच्या टोकाला कुठे लागते ते दुसऱ्याला बघायला सांगून रंगाऱ्याच्या कागदी टेपने खूण करावी. सगळी भोकं त्या रेषेच्या वर. मग झाकण उघडून आत हात तिथपर्यंत पोहोचतो का ते पाहावं. पोहोचत असेल तर आरपार बोल्ट आणि नायलॉनची कडी असलेला नट. पोहोचत नसेल तर आतून तीन पाकळ्यांसारखे उघडणारे रिव्हेट किंवा रबरी वेलनट मिळतात. ते गळ ठेवायच्या नळीसाठी ठीक आहेत, पण होडीचं वजन पेलणाऱ्या चाकासाठी त्यांच्यावर विसंबू नये. अशा वेळी त्या जागी आणखी एक झाकणाची खिडकी बसवावी आणि आत हात घालण्याची सोय करून घ्यावी. भोक आधी बारीक, मग मोठं. ड्रिल सावकाश, नाहीतर प्लास्टिक कापलं न जाता वितळतं. भोकाच्या कडेला ब्युटिलची चिकट पट्टी किंवा सागरी सीलंट. साधं सिलिकॉन पॉलिथिलीनला धरत नाही, ते काही दिवसांनी सालीसारखं सुटून येतं.

नट कसताना वॉशर नीट बसला की थांबावं. प्लास्टिक सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतं, उन्हात गाडीच्या टपावर तापल्यावर तर अधिकच. त्यामुळे आठवड्याने नट पुन्हा तपासावेत आणि मग दर हंगामाला. गळती बघण्याची एक जुनी युक्ती आहे. बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं आणि निचऱ्याच्या बुचाच्या भोकातून आत हलकी हवा सोडायची. बुडबुडा आला तिथे पाणी शिरणार. याचा आळस कोणी करू नये. कयाकच्या पोटात साठलेलं पाणी वर बसलेल्याला दिसत नाही. होडी कलली की ते सगळं एका बाजूला धावतं आणि उलटण्याला हातभार लावतं. भोक पाडल्यावर कंपनीची हमी उरते का, हे आधी विचारून घ्यावं, कारण अनेकदा ती उरत नाही.

खाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळाच. साधा स्टीलचा बोल्ट एका हंगामात गंजतो, म्हणून ३१६ जातीचं स्टेनलेस वापरावं. पण स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की अॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी सुटते, आणि वर्षभराने खीळ जागची हलत नाही. मध्ये नायलॉनची चकती आणि थोडं सागरी ग्रीस एवढ्याने हे टळतं. चाकात पोलादी बॉल बेअरिंग असतील तर ती बदलून प्लास्टिकची बुशिंग घालावीत. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं आणि खीळ काढून वाळू झटकणं हे होडी बांधून ठेवण्याइतकंच कामाचं आहे.

आणि किनाऱ्यावरची एक गोष्ट, जिच्यापुढे वरचं सगळं दुय्यम आहे. परत येताना गुडघाभर पाण्यात उतरून चाकं खाली करायची असतात. त्या वेळी होडी आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभं राहू नये. मागून आलेली लाट भरली होडी आडवी करून माणसाच्या पायांवर फेकते. ८५ किलोची वस्तू लाटेवर स्वार झालेली असते आणि तिला थोपवण्याचं बळ कोणातच नसतं. समुद्राच्या बाजूला उभं राहावं, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेकडे ठेवावी, दोन लाटांच्या मध्ये खीळ ओढावी. जीवरक्षक जॅकेट तोवर अंगातच असावं. अमेरिकी तटरक्षक दलाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींत हौशी नौकाविहारात बुडून मेलेल्यांपैकी दहांतल्या आठांहून अधिक जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं.

होडी आणि पाणी यांच्या मधली जमीन ही काही फक्त हौशी लोकांची अडचण नाही. इंग्लंडच्या हेस्टिंग्ज गावाला बंदर नाही. तिथले कोळी गोट्यांच्या किनाऱ्यावरून आपल्या बोटी विंचने ओढून वर घेतात आणि बुलडोझरने समुद्रात ढकलतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या बोटी ट्रॅक्टरने ओढल्या जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा बंगालच्या उपसागराचा प्रकल्प १९७९ मध्ये मद्रासमधून सुरू झाला. त्यात ओयविंड गुलब्रान्सेन या नॉर्वेजियन नौकारचनाकाराने पूर्व किनाऱ्यासाठी वाळूवर चढणाऱ्या बोटींचे आराखडे केले. किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटा पार करणं आणि मग ती बोट माणसांच्या बळावर वर घेणं, हीच त्यातली गाठ होती. गोव्यात आणि सिंधुदुर्गात आजही रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी लाकडी ओंडक्यांवरून खांदे लावून वर घेतली जाते. मागचा ओंडका सुटला की कोणीतरी पळत जाऊन तो पुढे टाकतो. त्याला माणसं लागतात, आणि गावात तरुण माणसं कमी होत चालली आहेत. त्यातच धुपेपासून वाचण्यासाठी जागोजाग दगडी बंधारे उभे राहिले आणि होडी चढवायची पुळण अरुंद झाली.

माझा कौल असा. एकटं जाणाऱ्याने, ज्याच्या वाटेवर घट्ट जमीन किंवा सिमेंटचा उतार आहे, जोडलेली चाकं जरूर बसवावीत, आणि आतून पट्टी लावूनच बसवावीत. रुंद, मऊ पुळणीवरून जाणाऱ्याने फुगीर चाकांची सुटी गाडी घ्यावी आणि ती होडीच्या मध्याजवळ ठेवावी. होडीच घेतलेली नसेल तर आधी हलकी घ्यावी.

आणि एक मागणं. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाला प्रकल्प शोधणाऱ्या मुलामुलींनी उलांडीच्या, म्हणजे बाजूला तोलासाठी लाकूड जोडलेल्या, छोट्या होडीसाठी कमी दाबाच्या, फुगीर चाकांची, दोन माणसांनी ओढता येईल अशी गाडी करून पाहावी. स्थानिक बाजारात मिळणाऱ्या टायरच्या ट्यूब आणि गंज न धरणारे पाइप एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मोजमाप होडीचं घ्यावं, वाळूचं घ्यावं, आणि चाचणी प्रयोगशाळेत नव्हे तर ती रोज ओढणाऱ्या माणसांच्या हातून, त्यांच्याच पुळणीवर, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळांना घ्यावी.